कॅज्युअल्टीची तोंडी परीक्षा

मास्तरांनी चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि त्या चौतीस वर्षांत एकाही वहीवर 'उत्तम' असं लिहिलं नाही. वही कितीही नेटकी असो, नद्या निळ्या असोत, डोंगर तपकिरी असोत, खाली लाल शाईत एकच शेरा असायचा: 'सुधारणेस वाव आहे.' मुलीच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ छापखान्यातून तपासायला आलं तेव्हा सवयीनं त्यांनी त्याच्याही खाली तोच शेरा मारला. छापखानेवाला आज्ञाधारक निघाला. तीनशे पत्रिका नवरदेवाच्या नावाखाली 'सुधारणेस वाव आहे' असं छापून आल्या. जावयानं ते हसण्यावारी नेलं, हा जावयाचा मोठेपणा. व्याह्यांनी मात्र एक पत्रिका अजून जपून ठेवली आहे आणि पाहुणे आले की ते ती बाहेर काढतात.

अशा माणसाला एका सोमवारी सकाळी पोटच्या पोरीनं गृहपाठ दिला.

"बाबा, ठिणगीला सुट्टीत तुमच्याकडे पाठवायचं म्हणतेय. पूर्ण महिना."

ठिणगी म्हणजे मास्तरांची आठ वर्षांची नात. मास्तरांचा चहाचा कप बशी आणि ओठ यांच्या अधेमधे थांबला.

"पण एक अट आहे," मुलगी म्हणाली.

"दहा सांग."

"तुमच्या जवळपास कुठल्या हॉस्पिटलात इमर्जन्सीचा डॉक्टर खरोखर हजर असतो? तिचं इन्शुरन्सचं कार्ड तिथं चालतं का? आणि घरापासून पोचायला किती मिनिटं लागतात? रविवारी संध्याकाळपर्यंत लेखी हवंय."

"एक अट म्हणालीस ना?"

"एकच आहे. तिचे तीन पोटप्रश्न आहेत."

पोटप्रश्न हा शब्द तिनं बापाकडूनच उचलला होता, त्यामुळे मास्तरांना तक्रार करायला जागा उरली नाही.

"आणि नाही जमलं तर?"

"तर ती तिकडच्या आजी-आजोबांकडे जाईल. त्यांच्या तर समोरच हॉस्पिटल आहे."

आता मुलीचं चुकत होतं असं नाही. मागच्या सुट्टीत ठिणगीनं माळेतला एक मणी नाकात घातला होता. दुसरा कुणी आजोबा असता तर पोरीला उचलून पळत सुटला असता. मास्तरांनी आधी कागद घेतला, त्यावर नाकाचा उभा छेद काढला, तो तीन रंगांत रंगवला आणि मणी साधारण कुठल्या प्रदेशात असावा हे तिला समजावून सांगितलं. यात वीस मिनिटं गेली. मग टॅक्सी करून निघाले आणि 'डॉक्टर' अशी जी पहिली पाटी दिसली तिथं शिरले. तो जनावरांचा दवाखाना निघाला. तिथं बाकावर बसलेल्या एका झिपऱ्या कुत्र्यानं ठिणगीच्या तोंडाला तोंड लावून वास घेतला, पोरीला सणसणीत शिंक आली आणि मणी समोरच्या भिंतीवर जाऊन आदळला. डॉक्टरांनी फी घेतली नाही. "कुत्र्यानं केलं, मी काय केलं?" म्हणाले. ही हकीकत ठिणगीनं वर्गात उभं राहून सांगितली आणि मुलीला ती पालकसभेत कळली.

तेव्हापासून व्याही एक वाक्य फार गोड आवाजात म्हणत: "आमच्याकडे काय, गॅलरीतून हाक मारली तरी डॉक्टर वर बघतात." हे वाक्य मास्तरांच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं होतं.

"अहो, तीनच तर प्रश्न आहेत," बायको म्हणाली. "तीन हॉस्पिटलं आहेत. जाऊन विचारून या."

"असं नुसतं जाऊन विचारायचं नसतं," मास्तर म्हणाले. "प्रवासाआधी नकाशा."

दुपारपर्यंत जेवणाच्या टेबलावर नकाशा तयार झाला. घर तांबडं, पाण्याची टाकी निळी, आणि तीन हॉस्पिटलं: नाक्यावरचं, पुलापलीकडचं आणि टेकडीवरचं. नकाशाला दिशा होत्या, प्रमाण होतं, सूची होती. कोथिंबीर निवडायला टेबल मोकळं नसल्यामुळे बायको ती खुर्चीत बसून मांडीवर निवडत होती. संध्याकाळपर्यंत प्रश्नपत्रिकाही झाली. दहा प्रश्न, प्रत्येकी पाच गुण. प्रश्न सहावा: 'इमर्जन्सीचे डॉक्टर जेवायला गेल्यास त्यांच्या जागी कोण असते? (सविस्तर.)' प्रश्न दहावा: 'पुढीलपैकी कोणत्याही दोहोंची थोडक्यात उत्तरे द्या.'

"अहो, हॉस्पिटलवाले तुमची परीक्षा देणार आहेत का?"

"परीक्षेला आपणहून कोण बसतं? बसवावं लागतं."

इतक्यात खालच्या मजल्यावरचे अनुभवी काका आले. त्यांचं हे नाव त्यांच्या पहिल्या वाक्यावरून पडलं होतं, कारण ते कुठल्याही विषयावर एकाच वाक्यानं सुरुवात करत.

"मास्तर, मला अनुभव आहे," काका नकाशावर कोपर टेकून म्हणाले. "हॉस्पिटल यादीत असलं म्हणून हुरळून जाऊ नका. हॉस्पिटल यादीत असतं, पण कॅज्युअल्टीतला डॉक्टर बाहेरून बोलावलेला असतो. त्याचं बिल वेगळं येतं आणि कंपनी हात वर करते. माझ्या मेव्हण्याच्या साडूला..."

"काय झालं त्यांना?"

"झालं काही नाही. पण होऊ शकलं असतं!"

काका कपभर चहा पिऊन गेले, आणि जाताना मास्तरांची झोप घेऊन गेले. प्रश्नपत्रिकेत अकरावा प्रश्न घालावा तर गुणांची बेरीज बिघडते, म्हणून चौथ्या प्रश्नालाच 'अ' आणि 'ब' पाडावे लागले.

मंगळवार फोनवर गेला. इन्शुरन्स कंपनीच्या फोनवर आधी गाणं लागलं. नुसतं वाद्यसंगीत, आणि तेही पहिल्या चार ओळीच, पुन्हा पुन्हा. पाऊण तासानं एक गोड आवाज आला.

"नाक्यावरचं हॉस्पिटल आमच्या यादीत आहे सर. पण तिथल्या इमर्जन्सी डॉक्टरांचं बिल वेगळं असतं का, ते हॉस्पिटलच सांगेल."

मास्तरांनी हॉस्पिटलला फोन लावला. तिथला आवाज गोड नव्हता, पण ठाम होता. "ते कंपनी सांगेल."

मास्तरांनी पुन्हा कंपनीला लावला. गाण्याच्या त्याच चार ओळी. "ते हॉस्पिटलच सांगेल सर." दुपारी तीनपर्यंत मास्तर या दोघांच्या मध्ये टेबलटेनिसच्या चेंडूसारखे टप्पे खात होते. शेवटी त्यांनी कंपनीच्या मुलीला शांतपणे विचारलं, "बाळ, तू आणि ते हॉस्पिटलवाले कधी एकमेकांशी बोललात का?" ती म्हणाली, "नाही सर. पण कल्पना चांगली आहे." मग तिनं फोन गाण्यावर टाकला. संध्याकाळी बायको भाजी चिरताना त्याच चार ओळी गुणगुणत होती.

बुधवारी मास्तर नाक्यावरच्या हॉस्पिटलात गेले. काचेच्या खिडकीमागे एक बाई बसल्या होत्या.

"पेशंट कोण?"

"कुणीच नाही."

बाईंनी मास्तरांच्या मागं वाकून पाहिलं. मागं खरंच कुणी नव्हतं.

"मग आलात कशाला?"

"पेशंट व्हायच्या आधी विचारून ठेवावं म्हणून. हे कार्ड तुमच्याकडे चालतं का?"

"पेशंटची नोंद केल्याशिवाय कार्ड तपासता येत नाही. कॉम्प्युटर घेतच नाही."

"मग नोंद करा."

"तक्रार काय आहे?"

"काही नाही. देवदयेनं सगळं ठीक आहे."

"तक्रारीशिवाय नोंद होत नाही."

मास्तर खोटं बोलत नसत. तोंडाशी 'पोटात दुखतंय' आलं होतं, पण चौतीस वर्षं ज्या सबबीवर त्यांनी मुलांना बाकावर उभं केलं, ती स्वतः वापरायची कशी? "निदान डॉक्टर हजर आहेत का, तेवढं सांगा."

"जेवायला गेलेत."

"त्यांच्या जागी कोण आहे?"

"मी आहे ना," बाई म्हणाल्या.

सहाव्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर मिळालं होतं. मास्तरांनी पन्नासपैकी चार गुण दिले. तेही बाई खरं बोलल्या म्हणून.

गुरुवारचा दिवस मात्र मास्तर जन्मात विसरणार नाहीत. पुलापलीकडच्या हॉस्पिटलात जायचं म्हणून त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, खिशाला लाल आणि निळं अशी दोन पेनं लावली, बगलेत फाइल घेतली आणि चष्मा दोरीनं गळ्यात अडकवला. आत शिरता शिरता त्यांनी खिडकीच्या कठड्यावरून सवयीनं बोट फिरवलं आणि त्या बोटाकडे चष्म्यातून पाहिलं. काउंटरवरच्या मुलीनं ते पाहिलं आणि घाईघाईनं फोन उचलला. मिनिटाभरात एक मॅनेजर कोटाची बटणं लावत धावत आले.

"या या सर! आमची समजूत होती की आपण उद्या येणार."

"आज आलो तर चालेल ना?" मास्तरांनी भिडस्तपणे विचारलं.

"कमाल करता सर! आपण कधीही या!"

असा आदर मास्तरांना निवृत्तीच्या समारंभातही मिळाला नव्हता. त्यांना केबिनमध्ये बसवून चहा-बिस्किटं दिली गेली. मग प्रश्नपत्रिका निघाली आणि मॅनेजर एकेका प्रश्नाला हात जोडून उत्तर देऊ लागले. डॉक्टर चोवीस तास हजर? हो सर. कार्ड चालतं? सगळ्या कंपन्यांची सर. डॉक्टरांचं बिल वेगळं? छे छे सर! जेवायला गेल्यास? आमचे डॉक्टर जेवतच नाहीत सर!

पन्नासपैकी पन्नास! मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदा 'उत्तम' लिहावंसं वाटलं. हात पेनाकडे गेलासुद्धा. पण तेवढ्यात मॅनेजर म्हणाले, "चला, विभाग दाखवतो."

पहिल्या खोलीत पलंगाशेजारी ऑक्सिजनची चकचकीत गाडी होती. तिच्या दांड्याला हिरवं फडकं बांधलेलं. दुसऱ्या खोलीतही तशीच गाडी, दांड्याला हिरवं फडकं. तिसऱ्या खोलीतही. आणि तिन्ही खोल्यांत गाडीपाशी एकच वॉर्डबॉय उभा होता. पहिल्या खोलीत तो नीट श्वास घेत होता, दुसऱ्या खोलीत धापा टाकत होता, तिसऱ्या खोलीत ती ऑक्सिजनची गाडी त्यालाच लावावी अशी वेळ आली होती.

मास्तरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, कारण त्यांच्या शाळेत धड म्हणावा असा पृथ्वीगोल एकच होता. इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला आले की तो पृथ्वीगोल मागच्या जिन्यानं त्यांच्या पुढे पुढे वर्गावर्गांतून पळायचा. एका साहेबांनी तर 'प्रत्येक वर्गात पृथ्वीगोल असलेली आदर्श शाळा' असं लिहून दिलं होतं. तो गोल उचलून पळणारा माणूस कोण, हे आता सांगायला हरकत नाही. त्या काळात मास्तरांचे गुडघे चांगले होते.

मास्तर वॉर्डबॉयजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "मागचा जिना ना?"

"हो... सर..." तो धापा टाकत म्हणाला. "चाकं... धरून... उचलावी लागतात."

"मधून उचल. कंबरेला त्रास होत नाही."

मॅनेजरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "सर, रिपोर्टमध्ये एवढं तेवढं... आपण समितीचे अध्यक्ष की सदस्य?"

"कुठली समिती? मी आजोबा."

"आजोबा समिती?"

"नातीचा आजोबा. ती महिनाभर राहायला येणार आहे."

मास्तर सांगतात की त्यानंतर त्या इमारतीतलं तापमान चार अंशांनी उतरलं. केबिनमधली उरलेली बिस्किटं त्यांच्या डोळ्यांदेखत परत डब्यात गेली. पहिल्या प्रश्नापासून पुन्हा विचारायला त्यांनी तोंड उघडलं, तेव्हा सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर आलं: "ते कंपनी सांगेल." दाराबाहेर पडल्यावर त्यांनी पन्नासावर काट मारली आणि पाच गुण चहाचे ठेवले, कारण तो पिऊन झाला होता.

घरी आल्यावर ते इस्त्रीचा शर्टही न बदलता पंख्याखाली बसून राहिले.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"मला इन्स्पेक्टर समजले."

"मग त्यात एवढं वाईट काय वाटायचं?"

"सगळं खोटं सांगत होते गं. आणि मला राग येईना. मीही तेच केलंय."

बायकोनं पाण्याचा तांब्या पुढे केला. "पण तुमच्या पृथ्वीगोलावर कुणाचा जीव अवलंबून नव्हता," ती म्हणाली. मास्तरांना त्यातून थोडा धीर आला. शुक्रवारी मुलीचा निरोप आला: 'बाबा, तिकिटं काढायची आहेत. तुमच्याकडची की तिकडची?' आणि पाठोपाठ व्याह्यांनी आपल्या गॅलरीतून काढलेला हॉस्पिटलचा फोटो पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती.

उरलं टेकडीवरचं.

शनिवारी सकाळी मास्तरांनी कपाटातून स्टॉपवॉच काढलं. शाळेच्या क्रीडास्पर्धांतलं, निवृत्तीच्या वेळी शाळेनं भेट दिलेलं. प्रश्नांची उत्तरं मिळोत न मिळोत, निदान घर ते हॉस्पिटलचं अंतर मिनिटांत मोजून ठेवावं, असा विचार होता. त्यासाठी रंगीत तालीम हवी होती.

"तू पेशंट हो," ते बायकोला म्हणाले. "नुसतं टॅक्सीत कण्हायचं."

"मी नाही कण्हणार. कुकर लावलाय."

म्हणून मास्तर बगलेत फाइल मारून एकटेच निघाले. घराच्या उंबऱ्यावर त्यांनी कळ दाबली. जिन्यात अनुभवी काका भेटले आणि "मास्तर, मला अनुभव..." एवढं म्हणाले, तोवर मास्तर फाटकाबाहेर होते. टॅक्सी मिळायला तीन मिनिटं, सिग्नलला दीड. टेकडीच्या पायथ्याशी रस्ता खोदलेला होता, तिथून वर पायी. मास्तर स्टॉपवॉच तोंडासमोर धरून चढ धावत होते. तेरा मिनिटं चाळीस. तेरा पन्नास. समोर 'अपघात विभाग' अशी पाटी, तिच्याखाली आपोआप सरकणारं काचेचं दार. चौदा मिनिटांच्या आत पोचायचंच, या जिद्दीनं मास्तरांनी शेवटची झेप घेतली.

दार आपोआप सरकायचं खरं, पण त्याला निदान एका माणसाएवढी सवड द्यावी लागते. काच इतकी स्वच्छ होती की दार उघडंच आहे असं मास्तरांना वाटलं. कपाळ आदळता आदळता त्यांच्या मनात शेवटचा विचार आला तो असा: स्वच्छतेला पाचपैकी पाच.

ते उठून बसले तेव्हा चष्म्याची एक काच फुटली होती आणि कपाळावरून काहीतरी कोमट ओघळत होतं. दोघांनी त्यांना धरून आत नेलं. काउंटरवरच्या ताईंनी विचारलं, "पेशंट कोण?"

मास्तरांनी मान ताठ केली. "मी!" बुधवारपासून हे उत्तर द्यायला त्यांची जीभ शिवशिवत होती.

"तक्रार?"

"कपाळ! खरीखुरी तक्रार आहे. बघा ना!"

"दिसतंय मला आजोबा. इन्शुरन्सचं कार्ड आहे?"

मास्तरांनी फाइल पुढे केली. ताईंनी त्यातलं कार्ड घेतलं, भराभर टाइप केलं आणि म्हणाल्या, "चालतंय. मंजूर."

"चालतंय? नक्की? आणि डॉक्टरांचं बिल?"

"हॉस्पिटलच्याच बिलात येतं. वेगळं नाही. तुम्ही आत जा आधी."

आत एका नर्सनं त्यांच्या मनगटाला पट्टी बांधली आणि त्यांना एका पलंगावर आडवं केलं. भिंतीवर ससे आणि हत्ती रंगवलेले होते. मास्तरांना खोली फार आवडली. इतक्यात दुसरी नर्स पडदा सारून आत आली, तिच्या हातात कापडी अस्वल होतं.

"आजोबा, बाळ कुठंय?"

"कुठलं बाळ?"

"आठ वर्षांचं. कपाळाला लागलंय ना?"

मास्तरांनी मनगटावरची पट्टी वाचली. वय: आठ. त्यांना सगळा उलगडा झाला. पाच दिवस त्या फाइलीत ठिणगीच्याच कार्डाची प्रत होती. स्वतःचं कार्ड बरोबर घ्यायचं असतं हे त्यांच्या दहाही प्रश्नांत कुठं नव्हतं.

"बाळ मीच," ते ओशाळून म्हणाले.

तेवढ्यात इमर्जन्सीच्या डॉक्टरीणबाई आल्या. तिशीच्या असतील. केस घट्ट बांधलेले, पायांत कापडी बूट. "मुठीत काय धरलंय? सोडत का नाहीत?"

"स्टॉपवॉच. डॉक्टर येईपर्यंतचा वेळ मोजतोय. दाराशी दुसऱ्यांदा कळ दाबली होती."

"मग थांबवा. मी आले."

मास्तरांनी कळ दाबली. चार मिनिटं दहा सेकंद. "घाई करू नका हं," ते म्हणाले. "मला दहा प्रश्न विचारायचे आहेत."

"मला तीन टाके घालायचे आहेत. दोन्ही एकदम करू. कपाळ हलवायचं नाही, तोंड चालेल."

अशा रीतीनं मास्तरांच्या आयुष्यातली सर्वोत्तम तोंडी परीक्षा झाली. परीक्षक आडवा आणि उमेदवाराच्या हातात सुई. डॉक्टरीणबाई प्रत्येक प्रश्नाला सरळ उत्तर देत होत्या. जेवायला गेल्या तर दुसरे डॉक्टर असतात, पण ते टाके त्यांच्याइतके बारीक घालत नाहीत. नाकात मणी गेला तर काय?

"काढायला जायचं नाही. चित्र काढत बसायचं नाही. सरळ इथं आणायचं."

"चित्राचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. एक उदाहरण दिलं. का?"

मास्तरांनी घाईनं विषय बदलला. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला, जो प्रश्नपत्रिकेत नव्हता. "आणि समजा, घाईत कार्ड घरीच राहिलं तर?"

डॉक्टरीणबाईंनी दोरा कापला. "आजोबा, आधी पेशंट, मग कार्ड. तुम्ही आत येताना कुणी तुम्हाला दारात अडवलं का?"

"दारानं अडवलं," मास्तर म्हणाले, आणि दोघंही हसले.

बाहेर मात्र काउंटरवरच्या ताई हसत नव्हत्या. "आजोबा, ही नोंद रद्द करावी लागेल. तुमचं स्वतःचं कार्ड आणा."

मास्तरांनी घरी फोन केला. अर्ध्या तासात बायको आली. कार्ड तिच्या पर्समध्ये होतं, वाण्याची यादी आणि दळणाची चिठ्ठी यांच्या मध्ये.

"हे तुझ्याकडे कधीपासून आहे?"

"पहिल्या दिवसापासून. माझं, तुमचं, दोन्ही. तुम्ही विचारलंत कधी?" तिनं त्यांच्या कपाळाकडे पाहिलं, डोळे पदरानं पटकन टिपले आणि लगेच आवाज चढवला. "परीक्षा घ्यायला गेला होतात ना? मग नापास तुम्ही कसे झालात?"

"मुलीला सांगू नकोस," मास्तर हळूच म्हणाले.

रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला तेव्हा मास्तर घरात टोपी घालून बसले होते.

"बाबा, घरात टोपी?"

"थंडी आहे."

"मागं पंखा फिरतोय."

मास्तर खोटं बोलत नसत. एवढंही त्यांना जड गेलं होतं. त्यांनी टोपी काढली. मग त्यांनी सोमवारपासूनचं सगळं सांगितलं, पृथ्वीगोलासकट. तिकिटं तिकडचीच निघणार हे त्यांनी मनाशी धरलंच होतं, म्हणून शेवटी कागद वाचून दाखवतानाही त्यांचा आवाज खाली गेलेला होता: "टेकडीवरचं हॉस्पिटल. डॉक्टर हजर. कार्ड चालतं, प्रत्यक्ष तपासलं. बिल वेगळं नाही. घर ते दार चौदा मिनिटं, दार ते डॉक्टर चार मिनिटं दहा सेकंद. शिंक आणणारा कुत्रा उपलब्ध नाही."

मुलीनं तोंडावर हात धरला होता. ती हसते आहे की रडते आहे हे काही केल्या कळेना. इतक्यात फोन कुणीतरी हिसकावला आणि पडद्यावर ठिणगीचं नाक तेवढं मोठं दिसू लागलं.

"आजोबा, किती टाके?"

"तीन."

"तू रडलास?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. "थोडासा," ते म्हणाले.

"आई, मला तिथंच जायचं! तिथं अस्वल देतात!"

मागून मुलीचा आवाज आला. "बाबा, तुमच्याकडची तिकिटं काढतेय. आणि तिला आणायला स्टेशनवर येताना, प्लीज, चालत या."

त्यानंतर तासाभरानं व्याह्यांचा फोन आला. आवाज नेहमीएवढा गोड नव्हता. "मास्तर, ऐकलं मी सगळं. बरे आहात ना? बरं... एक विचारायचं होतं. समोरचं हॉस्पिटल आहे ना आमचं, तिथं आमचं कार्ड चालतं का, हे आम्ही आजवर विचारलंच नाही. आज विचारायला गेलो तर म्हणतात, पेशंट कोण? ती तुमची प्रश्नपत्रिका आहे ना, तिची एक कोरी प्रत मिळेल का?"

मास्तरांनी डोळे मिटले. असे क्षण आयुष्यात फार थोडे येतात, ते घाईनं संपवू नयेत. "पाठवतो की," ते शेवटी म्हणाले. "फक्त दाराकडे लक्ष ठेवा."

ठिणगी आली ती पाठीवर दप्तर आणि हातात फुगलेली पिशवी घेऊन. तिनं आधी आजोबांना खाली वाकायला लावून कपाळावरच्या टाक्यांच्या खुणा मोजल्या, त्या तीनच भरल्या. मग फ्रिजच्या दारावर लावलेला आजोबांचा कागद तिनं उभ्या उभ्या वाचला. नकाशा, मिनिटं, फोन नंबर, सगळं. वाचून झाल्यावर तिनं हात पुढे केला. मास्तरांनी खिशातलं लाल पेन तिच्या हातात ठेवलं.

"यात एक राहिलंय," ती म्हणाली. "मला लागलं तर काय करायचं ते लिहिलंय. तुला लागलं तर काय करायचं?"

"त्याचं उत्तर माझ्या पर्समध्ये आहे," स्वयंपाकघरातून आजी म्हणाली.

ठिणगीनं तेही लिहिलं: 'आजीची पर्स.' मग कागद फ्रिजच्या दारावर नीट दाबून, जीभ बाहेर काढून, तिनं खाली सावकाश शेरा मारला. मास्तरांनी एक काच नवी बसवलेला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि वाचलं: 'सुधारणेस वाव आहे.'

खाली तिनं त्यांच्यासारखीच वळणदार सही केली होती. मास्तरांनी तो कागद तसाच राहू दिला.